वणवा लवकर कळावा म्हणून: पूर्वसूचना आणि टेहळणी यंत्रणेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वसूचना आणि टेहळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि त्या एक समजल्या की खरेदीपासूनच चुका सुरू होतात. पूर्वसूचना म्हणजे आग लागण्याआधीचं काम: पालापाचोळा किती वाळलाय, उद्या वारा किती असेल, ठिणगी पडली तर ती पेट घेईल का आणि किती वेगाने पसरेल. टेहळणी म्हणजे आग लागल्यानंतर ती शोधणं: उपग्रह, मनोरे, कॅमेरे, सेन्सर, गस्त. पूर्वसूचनेवरून माणसं आणि पाण्याचे टँकर आदल्या दिवशी कुठे उभे करायचे ते ठरतं. टेहळणीवरून ते आज कुठे पळवायचे ते ठरतं.

दोन्हींचं मोजमाप शेवटी एकच: ठिणगी पडल्यापासून पहिलं पथक आगीजवळ पोहोचेपर्यंत किती वेळ गेला. त्याचे चार तुकडे पडतात. आग दिसणं, ती खरी आहे याची खात्री, पथकाला निरोप आणि प्रवास. बहुतेक ठिकाणी पैसा पहिल्या तुकड्यावर खर्च होतो आणि वेळ दुसऱ्या-तिसऱ्यात वाया जातो.

नव्याने सुरुवात करायची असेल तर आधी काय घ्यावं?

सेन्सर नको. आधी मागच्या दहा वर्षांच्या हॉटस्पॉटचा, म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या उष्ण ठिपक्यांचा, नकाशा काढा. तो फुकट मिळतो. त्यावर रस्ते, पाणवठे, वस्त्या आणि पथकांची ठाणी टाका. आगी कोणत्या महिन्यात, कोणत्या उतारावर, कोणत्या रस्त्यालगत लागतात हे तेवढ्यानेच बरंचसं कळतं. दुसरी पायरी रोजच्या धोका निर्देशांकाची. तिसरी, उपग्रहाचा इशारा ठरलेल्या माणसाच्या फोनवर आपोआप जाण्याची. या तीन गोष्टी नीट चालल्यावर जी पोकळी उरते ती भरायला कॅमेरा लागतो की सेन्सर, हा प्रश्न मग विचारावा.

धोका निर्देशांक नेमका कशावरून काढतात?

जगात सर्वाधिक वापरात असलेली पद्धत कॅनडाची फायर वेदर इंडेक्स, म्हणजे एफडब्ल्यूआय. तिला फक्त चार आकडे लागतात: दुपारी बारा वाजताचं तापमान, सापेक्ष आर्द्रता, १० मीटर उंचीवरचा वारा आणि मागच्या २४ तासांचा पाऊस. त्यातून आधी तीन ओलावा-निर्देशांक निघतात.

एफएफएमसी हा अगदी वरच्या थराचा, म्हणजे सुटी पानं, गवत, काड्या यांचा. हा थर काही तासांत वाळतो आणि तितक्याच झटकन भिजतो. निर्देशांक ८५ असेल तर त्या थरात ओलावा साधारण १६ टक्के असतो, ९२ असेल तर जेमतेम ९ टक्के. म्हणूनच वरच्या टोकाला दोन-तीन अंकांची वाढही गंभीर असते. डीएमसी हा त्याखालच्या अर्धवट कुजलेल्या थराचा, त्याला वाळायला दोनेक आठवडे लागतात. डीसी हा खोल, घट्ट सेंद्रिय थराचा. तो सुमारे ५० दिवसांच्या चालीने बदलतो आणि हंगामाच्या कोरडेपणाची आठवण ठेवतो.

पाऊस मोजतानाही प्रत्येकाचा उंबरठा वेगळा आहे: एफएफएमसीसाठी ०.५ मिमी, डीएमसीसाठी १.५ मिमी, डीसीसाठी २.८ मिमी. त्याहून कमी पाऊस त्या थरापर्यंत पोहोचत नाही असं धरलं जातं. पुढे एफएफएमसी आणि वारा मिळून आयएसआय, म्हणजे आग किती झपाट्याने पसरेल. डीएमसी आणि डीसी मिळून बीयूआय, म्हणजे जळायला किती माल तयार आहे. आणि या दोघांतून शेवटचा एफडब्ल्यूआय. वारा ताशी साधारण १४ किमीने वाढला की आयएसआय दुप्पट होतो.

शेवटचा एकच आकडा फलकावर लावायला ठीक, पण काम करणाऱ्याने घटक बघावेत. एफडब्ल्यूआय सारखाच असलेले दोन दिवस पूर्णपणे वेगळे असू शकतात: एक वाऱ्याचा, ज्यात गवत धावतं, आणि दुसरा खोल कोरडेपणाचा, ज्यात आग हळू चालते पण आठवडाभर विझत नाही.

बारा वाजताच का? आगी तर दुपारी भडकतात.

सूत्रं तशीच बांधलेली आहेत. बाराच्या नोंदीवरून दुपारच्या चारच्या सुमाराचा, म्हणजे दिवसातल्या सर्वांत वाईट वेळेचा अंदाज निघतो. कोणी हुशारी करून थेट तीन वाजताचं तापमान घातलं, तर तीच वाढ दोनदा धरली जाते आणि निर्देशांक रोज फुगतो.

आमचा निर्देशांक रोजच ‘अतितीव्र’ दाखवतो. काय चुकतंय?

तीन जागा तपासा.

पहिली, पर्जन्यमापक. टिपिंग बकेट, म्हणजे भरली की कलंडणारी छोटी वाटी असलेल्या मापकाच्या नरसाळ्यात पान किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की पाऊस पडूनही नोंद शून्य येते. डीसी आदल्या दिवसाच्या आकड्यावर पुढे चालत असल्यामुळे हरवलेला एक मोठा पाऊस पुढचे कित्येक आठवडे सगळे आकडे बिघडवतो. पावसाची नोंद शेजारच्या केंद्राशी दर आठवड्याला ताडून पाहावी.

दुसरी, सुरुवातीचे आकडे. प्रचलित सुरुवात एफएफएमसी ८५, डीएमसी ६, डीसी १५ अशी आहे. ती बर्फ वितळून जमीन ओलीचिंब असलेल्या वसंतासाठी आहे. जिथे बर्फच पडत नाही तिथे गणित वर्षभर अखंड चालू ठेवावं, किंवा जोरदार पावसाळा संपल्याच्या दिवसापासून सुरू करावं. कोरड्या काळाच्या मधोमध डीसी १५ ने सुरुवात केली तर चूक उलट दिशेने होते आणि धोका कमी दिसतो.

तिसरी आणि सर्वाधिक आढळणारी: श्रेणींचे उंबरठे दुसऱ्या देशातून जसेच्या तसे उचललेले असतात. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात जो आकडा वर्षातून पाच दिवस येतो, तो उष्ण कोरड्या प्रदेशात महिनाभर रोज येतो. उंबरठे स्थानिक इतिहासावरून ठरवावेत. किमान दहा वर्षांचे रोजचे आकडे काढा, आगींच्या नोंदींशी जुळवा आणि सर्वांत वरची श्रेणी वर्षातल्या मोजक्याच दिवशी येईल अशी रेषा आखा. ९७वा शतमक, म्हणजे १०० पैकी ९७ दिवस आकडा ज्याच्या खाली राहतो तो, ही सुरुवातीला चालणारी रेषा आहे. रोज लाल दिसणाऱ्या फलकाकडे लोक पंधरवड्यातच बघणं सोडतात.

हवामान केंद्र कुठे उभारावं?

मोकळ्यावर. झाड किंवा इमारत जितकी उंच, त्याच्या दहापट अंतर वाऱ्याच्या मापकापासून असावं. वारा १० मीटरवर मोजावा. अमेरिकी वन केंद्रांत तो ६.१ मीटरवर मोजतात, तेव्हा आकडे वापरताना साधारण १.१५ ने गुणावं लागतं. शेतीसाठीची बरीच केंद्रं २ मीटरवर वारा मोजतात. मोकळ्या गवतावर तो १० मीटरच्या वाऱ्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. ताशी ३० किमीचा वारा २२ म्हणून नोंदला गेला की आयएसआय साधारण एक-तृतीयांशाने कमी दिसतो. हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर हवेशीर पांढऱ्या कवचात, जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर असावा. आर्द्रतेचा सेन्सर धूळ आणि धुराने सरकतो. वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा किंवा बदलावा. काँक्रीटच्या गच्चीवरचं केंद्र या कामाचं नाही.

उपग्रहाला आग दिसते ती कशी?

३०० केल्विनची साधी जमीन सर्वाधिक ऊर्जा ९.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास फेकते. १,००० केल्विनची ज्वाळा सर्वाधिक ऊर्जा २.९ मायक्रॉनला फेकते. त्यामुळे ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात ज्वाळा जमिनीपेक्षा सुमारे साडेचार हजार पट तेजस्वी दिसते, तर ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात तीस पटही नाही. उपग्रह दोन्ही पट्ट्यांत एकच जागा बघतो. ४ मध्ये लख्ख आणि ११ मध्ये साधारण, शिवाय आजूबाजूच्या पिक्सेलपेक्षा बरीच उठून दिसणारी जागा असली की ती हॉटस्पॉट म्हणून नोंदली जाते.

याच गणितामुळे आग पिक्सेलपेक्षा कितीतरी लहान असूनही सापडते. ३७५ मीटरचा पिक्सेल म्हणजे १४ हेक्टर. त्यात जेमतेम तीसेक चौरस मीटर ज्वाळा असली तरी ४ मायक्रॉनवरचा त्या पिक्सेलचा प्रकाश ढोबळमानाने दुप्पट होतो. रात्री तर काम आणखी सोपं, कारण जमिनीवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश नसतो.

कोणते उपग्रह वापरायचे?

ध्रुवीय कक्षेतला व्हिअर्स हा संवेदक आज मुख्य आधार आहे. तो सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या तीन उपग्रहांवर आहे. पिक्सेल ३७५ मीटर, फेरी दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास. मोडिस त्याआधीचा, टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) यांवरचा, पिक्सेल १ किमी. त्याचं मोल आता मुख्यतः जुन्या नोंदींसाठी. दोन्ही उपग्रह कक्षेतून सरकले आहेत आणि त्यांचं आयुष्य संपत आलं आहे, तेव्हा नवी यंत्रणा मोडिसवर बांधू नये.

भूस्थिर उपग्रह एकाच भागावर सतत नजर ठेवतात. जपानचा हिमावारी दर १० मिनिटांनी चित्र देतो, अवरक्त पिक्सेल थेट खालच्या जागी २ किमी. अमेरिकेची गोज मालिकाही संपूर्ण गोलार्धाचं चित्र दर १० मिनिटांनी देते. पिक्सेल मोठा असल्याने लहान आग त्यांना दिसत नाही, पण मोठी आग कधी वळली, कधी भडकली हे तेच सांगतात. दोन प्रकार एकमेकांची जागा घेत नाहीत.

सेंटिनेल-२ आणि लँडसॅट यांची चित्रं १० ते ३० मीटर इतकी बारीक असतात, पण ती दर काही दिवसांनीच मिळतात. ती जळालेलं क्षेत्र मोजण्यासाठी. इशाऱ्यासाठी त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

हॉटस्पॉट दिसला म्हणजे आग लागलीच असं समजायचं?

नाही. हॉटस्पॉट म्हणजे त्या पिक्सेलमध्ये, उपग्रह वरून गेला त्या क्षणी, काहीतरी असाधारण गरम होतं. ते तेलविहिरीवरची ज्योत असेल, पोलादाचा कारखाना असेल, वीटभट्टी असेल, ज्वालामुखी असेल, परवानगी घेऊन जाळलेलं शेत असेल. दिवसा चकाकणारे पत्रे आणि सौर पॅनेलही कधीकधी फसवतात.

उलटही खरं आहे. हॉटस्पॉटची संख्या म्हणजे आगींची संख्या नव्हे. आगीची एक लांबलचक आघाडी वीस पिक्सेलमध्ये वीस ठिपके देते, आणि तीच आग तीन उपग्रहांनी पाहिली तर साठ. ‘या वर्षी हॉटस्पॉट दुप्पट झाले’ ही बातमी वाचली की आधी विचारावं: उपग्रह तेच होते का? व्हिअर्सचा उपग्रह वाढला की ठिपके आपोआप वाढतात.

दिलेल्या अक्षांश-रेखांशावर पथक गेलं, तिथे काहीच नव्हतं. असं का?

दिलेला बिंदू पिक्सेलचा मध्य असतो, आगीची जागा नसते. व्हिअर्सच्या बाबतीत आग त्या बिंदूपासून दोनशे-अडीचशे मीटरवर कुठेही असू शकते. चित्राच्या कडेला पिक्सेल ८०० मीटरपर्यंत ताणला जातो, तेव्हा आणखी दूर. डोंगराळ भागात हे अंतर म्हणजे पलीकडची दरी. म्हणून पथकाला बिंदू न देता वर्तुळ द्यावं: मध्याभोवती किमान ५०० मीटर शोधा, आणि आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूने धुराचा माग काढा. डेटात ‘स्कॅन’ आणि ‘ट्रॅक’ हे दोन रकाने पिक्सेलची खरी लांबी-रुंदी किलोमीटरमध्ये देतात. वर्तुळ त्यावरून काढता येतं, पण ते रकाने बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत.

दुसरं कारण निरोप पोहोचवण्याचं. २० अंश ३० मिनिटं हे कोणी २०.३० असं लिहिलं तर खरा आकडा २०.५० असल्याने पथक सुमारे २२ किमी दूर जातं. सगळ्या विभागांनी दशांश अंश हा एकच नमुना ठरवावा, चार दशांश स्थळांपर्यंत. चौथं स्थळ म्हणजे सुमारे ११ मीटर.

आग लागली होती, सगळ्यांनी पाहिली, पण उपग्रहाने दाखवली नाही.

बहुधा वेळेचा प्रश्न. ध्रुवीय उपग्रहांच्या फेऱ्या दुपारी दीडच्या आसपास गर्दी करतात आणि बऱ्याच आगी त्यानंतर, दोन ते पाचच्या दरम्यान जोर धरतात. अडीचला पेटलेली आणि रात्री दहाला विझलेली गवताची आग व्हिअर्सच्या दोन फेऱ्यांच्या मधून निसटते. दुसरं कारण ढग किंवा दाट धूर. तिसरं, दाट छत्राखालची जमिनीलगतची मंद आग, जिची उष्णता पानंच अडवतात. चौथं, जमिनीखाली धुमसणारी आग, जिचा पृष्ठभाग फारसा तापतच नाही.

ही दीडनंतरची पोकळी भरण्यासाठीच नवे लहान उपग्रह येत आहेत. फायरसॅट मालिकेतला पहिला उपग्रह मार्च २०२५ मध्ये कक्षेत गेला. पूर्ण ताफा पन्नासहून अधिक उपग्रहांचा योजलेला आहे. तो पूर्ण होईपर्यंत दुपारी दोन ते सहाची राखण मनोरे, कॅमेरे आणि गस्त यांनीच करायची आहे.

फर्म्सचा डेटा रोजच्या कामात कसा जोडायचा?

नासाची फर्म्स सेवा जगभरचे हॉटस्पॉट निरीक्षणानंतर साधारण तीन तासांच्या आत मोफत देते.

१. आपल्या हद्दीची बहुभुज फाईल तयार करा आणि हद्दीबाहेर ५ किमीची पट्टी जोडा. शेजारच्या हद्दीतली आग सीमारेषा पाळत नाही.

२. फर्म्सवर मोफत ‘की’ (डेटा ओढण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक) घ्या आणि दर १५ ते ३० मिनिटांनी नवा डेटा ओढणारी छोटी स्क्रिप्ट लावा. इतकंही जमणार नसेल तर ईमेल इशाऱ्यासाठी नोंदणी करा. थोडा उशीर होतो, पण चालतं.

३. वेळ बदला. डेटातली वेळ जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी असते. ती स्थानिक समजून पथक पाठवल्याचे आणि ‘ही तर रात्रीची आग, विझली असेल’ म्हणून सोडून दिल्याचे प्रकार सर्रास घडतात.

४. ‘कॉन्फिडन्स’ रकाना बघा. व्हिअर्समध्ये तो कमी, सामान्य, जास्त असा असतो. मोडिसमध्ये ० ते १००. दिवसाच्या ‘कमी’ नोंदींत सूर्याच्या चकाकीने आलेल्या खोट्या नोंदी असतात. त्या फेकू नका, वेगळ्या रांगेत ठेवा. धोका निर्देशांक वर असेल त्या दिवशी त्याही तपासा.

५. कायम उष्ण जागांची यादी करा. मागच्या तीन-चार वर्षांत एकाच पिक्सेलमध्ये हंगामाबाहेरही वारंवार नोंद झाली असेल तर ती भट्टी किंवा कारखाना. भोवती ५०० मीटरचं वर्तुळ टाकून इशारा दाबा, मात्र नोंद ठेवा. भट्टीशेजारचं रानही पेटतं.

६. एकमेकांपासून एक किलोमीटरच्या आत आणि २४ तासांच्या आत आलेले ठिपके एक ‘घटना’ म्हणून बांधा. पथकाला साठ संदेश नकोत, एक हवा.

७. एफआरपी हा रकाना मेगावॉटमध्ये असतो आणि आगीचा जोर सांगतो. प्राधान्य लावायला तो उपयोगी. पण तिरकस कोन, धूर आणि छत्र यांमुळे तो कमी दिसू शकतो, म्हणून कमी एफआरपीची आग किरकोळ समजू नये.

मनोऱ्यांवर माणूस बसवण्याला आता अर्थ उरलाय का?

उरलाय. धूर कसा उठतो, कोणत्या रंगाचा, शेकोटीचा की रानाचा, हे अनुभवी माणसाला सेकंदात कळतं. मात्र एकाच मनोऱ्यावरून फक्त दिशा मिळते, अंतर नाही. अंतरासाठी दुसऱ्या मनोऱ्यावरून दिशा घ्यायची आणि नकाशावर दोन रेषा जिथे छेदतील तिथे आग. दिशेत १ अंशाची चूक झाली तर १० किमीवर १७५ मीटरची चूक होते, २० किमीवर ३५०. दोन रेषांमधला कोन ३० अंशांहून कमी असेल तर छेदबिंदू लांबच लांब ताणला जातो, म्हणून मनोरे एका रेषेत नसावेत. होकायंत्र वापरत असाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक हिशेबात धरलाय का, ते पाहा. मनोऱ्याच्या लोखंडाजवळ होकायंत्र मुळीच धरू नये. दिशा मोजायची चकती खऱ्या उत्तरेला पक्की बसवलेली असावी.

कॅमेरे आणि एआय यांवर किती भरवसा ठेवावा?

फिरता कॅमेरा काही मिनिटांत पूर्ण वळसा घेतो आणि स्वच्छ हवेत १०–१५ किमीवरचा धूर पकडतो. कॅलिफोर्नियात अशा हजारहून अधिक कॅमेऱ्यांचं जाळं आहे आणि २०२३ पासून त्यांच्या चित्रांवर एआय लावलेलं आहे. तंत्र पक्कं आहे. फसतं ते बसवण्यात.

धुरकट हंगामात १५ किमीचा पल्ला सहज ५ वर येतो आणि नेमका तोच आगीचा हंगाम असतो. उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात शिरतो. मनोरा वाऱ्याने हलला की चित्र हलतं, आणि सॉफ्टवेअर एका चौकटीची दुसरीशी तुलना करून धूर शोधत असल्याने प्रत्येक झाड धूर वाटू लागतं. धुकं, उडती धूळ, डोंगरावर टेकलेला ढग, चिमणी हे नेहमीचे फसवे. परदेशी चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलला सकाळच्या दरीतलं धुकं धूर वाटतं. पहिल्या हंगामातल्या सगळ्या खोट्या इशाऱ्यांची चित्रं साठवून मॉडेल पुन्हा शिकवून घेण्याची अट करारातच घालावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बसवण्याआधी संगणकावर भूरूप नकाशा घेऊन ‘इथून काय दिसतं’ याचं गणित करा. सर्वांत उंच शिखर बहुतेकदा चुकीची जागा ठरते, कारण पायथ्याच्या दऱ्या त्यावरून झाकल्या जातात. मधल्या उंचीचे दोन माथे एका शिखरापेक्षा बरे. कॅमेऱ्याने ‘धूर’ म्हटल्यावर दोन मिनिटांत हो किंवा नाही म्हणणारा माणूस पडद्यासमोर हवाच. एआय इशारा थेट पथकाकडे पाठवू नये.

झाडांवर लावायचे वायू-सेन्सर घ्यावेत का?

सगळ्या जंगलासाठी नाही. सेन्सर कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन आणि बाष्पशील सेंद्रिय वायू हुंगतो. धूर त्याच्यापर्यंत पोहोचला तरच त्याला कळतं, म्हणजे अंतर कमी ठेवावं लागतं. १०० मीटरच्या जाळीने एका चौरस किलोमीटरला १०० सेन्सर लागतात. दहा चौरस किलोमीटरला हजार. त्यांचा उपयोग चिंचोळ्या, नेमक्या जागी: जंगलातून जाणारा रस्ता, रेल्वेमार्ग, वीजतारांखालची पट्टी, यात्रेकरूंची वाट, वस्तीची कड.

खोट्या इशाऱ्यांचं गणित आधी करून ठेवा. प्रत्येक सेन्सर शंभर दिवसांत एकदाच चुकला, तरी ५०० सेन्सर रोज पाच खोटे इशारे देतात. म्हणून शेजारचे दोन सेन्सर दहा मिनिटांत बोलले तरच इशारा, असा नियम लावतात.

संदेशवहन बहुधा लोरावॅनवर, म्हणजे कमी विजेत दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ जाळ्यावर चालतं. मोकळ्यावर दहा किलोमीटर जाणारा सिग्नल दाट ओल्या रानात एक-दोन किलोमीटरवर दम तोडतो. कोरड्या हंगामात केलेली चाचणी पावसाळ्यात खोटी ठरते. सेन्सर जमिनीपासून साधारण ३ मीटरवर, खोडाच्या सावलीच्या बाजूला लावावा, पण सौर पट्टीला ऊन मिळेल असा. पानगळीच्या रानात उन्हाळ्यात ऊन मिळतं आणि पालवी फुटली की बॅटऱ्या बसतात. माकडं, मुंग्या आणि खोडाची वाढ यांचाही विचार करावा. खिळा न ठोकता ताणणारा पट्टा वापरावा.

पीटच्या, म्हणजे दलदलीच्या सेंद्रिय जमिनीतल्या आगीसाठी वेगळं काय लागतं?

जवळजवळ सगळंच. पीट ज्वाळेविना धुमसतो, जमिनीखाली आठवडे-महिने चालतो आणि दुसरीकडे वर येतो. आग दिसल्यावर विझवणं इतकं कठीण असतं की इथे खरी टेहळणी पाण्याच्या पातळीची. इंडोनेशियात २०१५ साली २६ लाख हेक्टर क्षेत्र जळालं आणि त्यातला मोठा भाग कालवे काढून कोरड्या केलेल्या पीटचा होता. तिथल्या नियमानुसार भूजल पृष्ठभागापासून ०.४ मीटरहून खाली जाऊ द्यायचं नाही.

पातळी मोजायला सुमारे ५ सेमी व्यासाची भोकं पाडलेली पीव्हीसी नळी पीटखालच्या खनिज मातीपर्यंत उतरवतात. बाहेरून जाळीचं कापड गुंडाळायचं, नाहीतर गाळाने भोकं बुजतात. वर टोपण, त्यात हवेसाठी बारीक छिद्र. कालव्याच्या काठावर नळी लावू नये. पातळी कालव्यापासून आत कशी बदलते ते बघायला काठापासून आत जाणारी नळ्यांची रांग लावावी. पीट वाळला की पृष्ठभागच खचतो, नळी मात्र खनिज मातीत घट्ट असते. म्हणून नळीचं वरचं टोक पृष्ठभागापासून किती वर आहे ते दर भेटीत मोजा, नाहीतर ‘पाणी किती खोल’ हा आकडाच चुकतो.

नळीत दाबमापक सोडला असेल आणि तो बंद प्रकारचा असेल तर तो पाण्याचा आणि हवेचा दाब मिळून मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पातळीत १ सेमीचा फरक दिसतो. जवळ हवेचा दाब मोजणारा दुसरा मापक ठेवून तो वजा करावा. हे न केल्यास हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने चढला की ‘पाणी दहा सेमी वाढलं’ असं दिसतं, आणि जमीन मात्र कोरडीच असते.

विजेने लागणाऱ्या आगींचा अंदाज येतो का?

थोडाफार. वीज पडलेल्या जागांची नोंद विद्युत्-शोधक जाळ्यांकडून मिळते. त्यातून सोबत २–३ मिमीहून कमी पाऊस झालेल्या जागा वेगळ्या काढायच्या. वीज पडल्या दिवशीच आग दिसते असं नाही. ती बुंध्यात किंवा कुजक्या थरात धुमसत राहते आणि काही दिवसांनी, हवा कोरडी आणि वारा सुटला की वर येते. यादी किमान आठवडाभर उघडी ठेवा.

ड्रोनचा उपयोग शोधायला की नंतर?

मुख्यतः नंतर. सतत घिरट्या घालून आग शोधायला बॅटरी पुरत नाही. खात्री करायला आणि विझवल्यानंतर उरलेले निखारे शोधायला उष्णता-कॅमेऱ्याचा ड्रोन उत्तम. १२ मायक्रॉनच्या पिक्सेलचा सेन्सर आणि १३ मिमी भिंग असेल तर १०० मीटरवरून एक पिक्सेल सुमारे ९ सेमीचा पडतो. उड्डाण पहाटे करावं. दुपारी तापलेले खडक निखाऱ्यांसारखेच दिसतात. हेलिकॉप्टर किंवा विमान कामावर असेल तर ड्रोन जमिनीवर, यात तडजोड नाही.

इशाऱ्याच्या संदेशात काय असावं?

पथकासाठी: कुठे (दशांश अंश आणि स्थानिक नाव), कधी पाहिलं (स्थानिक वेळ), कोणी पाहिलं, किती खात्री, वाऱ्याची दिशा, जवळचा रस्ता आणि पाणी. हे एका संदेशात, नकाशाच्या दुव्यासह. दुवा उघडला नाही तरी मजकुरावरून पोहोचता आलं पाहिजे.

लोकांसाठी: काय करायचं ते पहिल्या वाक्यात. ‘अतितीव्र वनअग्नी धोका’ एवढ्याने कोणी हलत नाही. ‘आज संध्याकाळपर्यंत उघड्यावर काहीही जाळू नका’ हे कळतं. यंत्रांमधल्या देवाणघेवाणीसाठी कॅप हा इशाऱ्यांचा सामायिक आंतरराष्ट्रीय नमुना वापरावा. त्यात तातडी, तीव्रता आणि खात्री यांचे वेगळे रकाने आहेत. शक्य असेल तिथे सेल ब्रॉडकास्ट निवडा. एसएमएसला क्रमांकांची यादी लागते आणि संकटात रांग तुंबते. ब्रॉडकास्ट मनोऱ्याच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर एकदम जातो, वाटसरूंच्याही.

जळालेलं क्षेत्र कसं मोजायचं?

सेंटिनेल-२ ची आगीआधीची आणि नंतरची चित्रं घ्या. जवळ-अवरक्त वजा लघुतरंग-अवरक्त, भागिले दोघांची बेरीज: हा एनबीआर. आधीच्यातून नंतरचा वजा केला की डीएनबीआर. ०.१ च्या खाली बहुधा जळालेलं नाही, ०.२७ पर्यंत सौम्य, ०.६६ च्या वर तीव्र. पानगळीच्या जंगलात सापळा आहे: पानं गळल्यावरही डीएनबीआर वाढतो आणि न जळलेलं रान जळालेलं दिसतं. दोन्ही चित्रं पानगळ झाल्यानंतरचीच घ्यावीत. गवताची राख दोन आठवड्यांत उडते किंवा नवी पाती येतात, म्हणून उशीर नको.

यंत्रणा चांगली चालते की नाही, हे कसं ठरवायचं?

प्रत्येक आगीसाठी पाच टप्प्यांची वेळ लिहा: अंदाजे सुरुवात, पहिली नोंद, खात्री, निरोप, पथक पोहोचलं. सरासरी काढू नका, मधला आकडा आणि सर्वांत वाईट दहा टक्के बघा. सोबत दोन प्रमाणं: खऱ्या आगींपैकी किती यंत्रणेने स्वतः पकडल्या, आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खोटे निघाले. पहिल्याचं गणित करताना गावकऱ्यांच्या फोनवरून कळलेल्या आगी वगळू नयेत. बऱ्याच ठिकाणी सर्वांत जलद सेन्सर तोच असतो, आणि त्यासाठी लागतो तो फक्त लक्षात राहील असा एक क्रमांक आणि उचलणारा माणूस.

हंगामाआधी एकदा आणि मध्यात एकदा न सांगता सराव घ्या. रविवारी दुपारी तीन वाजता खोटा हॉटस्पॉट सोडा आणि निरोप कुठे अडकतो ते पाहा.

आगीत वीज आणि नेटवर्कच गेलं तर?

जातंच. आग रिपीटरचा मनोरा किंवा वीजवाहिनी खाऊन टाकते आणि नेमक्या वेळी पडदे काळे होतात. निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: नियंत्रण कक्षाला किमान आठ तासांची बॅटरी आणि जनरेटर, पथकांसाठी मोबाईलवर अवलंबून नसलेला व्हीएचएफ रेडिओ, ज्याचा रिपीटर सौर वीज आणि बॅटरीवर चालतो आणि ज्याच्या भोवतालचं गवत हंगामाआधी साफ केलेलं आहे, आणि प्रत्येक गाडीत कागदी नकाशा, त्यावर तीच जाळी आणि तेच क्रमांक जे कक्षातल्या पडद्यावर आहेत. केंद्र किंवा सेन्सर गप्प झाला तर पडद्यावर शेवटचा ‘सर्व ठीक’ हिरवा ठिपका तसाच राहता कामा नये. ठरलेल्या वेळेत नोंद आली नाही की तो करडा झाला पाहिजे आणि कोणाला तरी फोन गेला पाहिजे.